निघण्याआधीची ईद

व्हिसा हातात पडला की आपल्या घरांत पगाराच्याही आधी एक प्रश्न विचारला जातो, “ईद करून जाशील ना?” दुबईच्या कंपनीत लागलेला मुलगा असो, जर्मनीत शिकायला निघालेली मुलगी असो किंवा नवऱ्याकडे कतारला निघालेली सून असो, प्रश्न तोच. मग तिकिटाच्या तारखेची ओढाताण सुरू होते. कंपनी म्हणते एक तारखेला हजर व्हा, आई म्हणते चंद्र दिसू दे. बहुतेक वेळा कंपनीचं ऐकावं लागतं आणि आईचं म्हणणं हळवेपणा म्हणून बाजूला पडतं.

माझं म्हणणं असं की निघण्याआधी सण घरी करण्याचा हा आग्रह नुसती माया नाही. त्यामागे अनेक शतकांचा अनुभव आहे. समुद्रापार जाणाऱ्याची तारीख फारशी कधी त्याच्या हातात नव्हती. ती कधी वाऱ्याने ठरवली, कधी जहाज कंपनीने, कधी परवाना देणाऱ्या साहेबाने. आज ती नोकरी देणारा कफील ठरवतो. त्या तारखेच्या आत घरच्यांनी सणाचं जे काही जमवलं, त्यातून आपल्या निरोपाच्या रीती घडल्या. कोकणच्या मुसलमानांच्या इतिहासात हे फार स्पष्ट दिसतं. पण गोष्ट मदिनेपासून सुरू करावी लागते.

घर सोडलेल्यांचा सण

इस्लामी कालगणना पैगंबरांच्या जन्मापासून मोजली जात नाही, कुठल्या विजयापासूनही नाही. हजरत उमर यांच्या खिलाफतीत ती ठरवली गेली तेव्हा सुरुवात धरली गेली हिजरतीपासून, म्हणजे इ.स. ६२२ पासून. आपली वर्षंच घर सोडण्याच्या घटनेपासून मोजली जातात.

रोजे फर्ज झाले ते हिजरतीच्या दुसऱ्या वर्षी, मदिनेत. दोन्ही ईदही मदिनेतच सुरू झाल्या. पहिली रमजान ईद इ.स. ६२४ ची, बद्रच्या लढाईनंतर काही दिवसांनी आलेली. ती साजरी करणाऱ्यांत मोठ्या संख्येने मुहाजिर होते. मक्केतली घरं, मालमत्ता, नातेवाईक मागे टाकून आलेली ही माणसं. मदिनेच्या अन्सारांनी त्यांना आपल्या घरांत घेतलं होतं. पैगंबरांनी एकेका मुहाजिराचं एकेका अन्साराशी भावाचं नातं लावून दिलं होतं, त्यालाच ‘मुआखात’ म्हणतात. ईद हा सण अशा लोकांच्या वाट्याला आला ज्यांतल्या अनेकांना त्या दिवशी आपल्या जन्मगावी पाऊलही ठेवता येत नव्हतं.

त्यांना घराची आठवण येत नव्हती असं मात्र नाही. मदिनेत आल्यावर हजरत अबू बकर आणि हजरत बिलाल तापाने आजारी पडले, आणि त्या आजारपणात बिलालना मक्केचं गवत, तिथले पाणवठे, डोंगर आठवत होते, अशी नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. ज्या शहराने त्यांना तापलेल्या वाळूवर छळलं, त्याच शहराची ही आठवण. खुद्द पैगंबरांनी मक्का सोडताना त्या शहराविषयीचं प्रेम बोलून दाखवल्याचंही नमूद आहे. तेव्हा परदेशात ईदच्या सकाळी ज्याच्या घशात आवंढा येतो त्याने लाजायचं कारण नाही. आणि परक्या गावात केलेली ईद कमी दर्जाची, असं मानायचंही कारण नाही. या दोन्ही गोष्टी पहिल्या ईदपासून बरोबरच चालत आल्या आहेत.

फिकहने तर जाणाऱ्या-राहणाऱ्यांचे दर्जेच ठरवून दिले. प्रवासात आहे तो मुसाफिर. त्याला नमाज कसर करण्याची, रोजा नंतर ठेवण्याची सवलत. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त मुक्कामाचा इरादा केला की तो मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो. दिवस किती, यावर हनफी आणि शाफई यांच्यात फरक आहे. हनफी फिकहमध्ये ‘वतने असली’ अशी आणखी एक संज्ञा आहे, म्हणजे माणसाचं मूळ, कायमचं घर. मराठीत वतन म्हटलं की पाटीलकी, देशमुखी, काजीपण, पिढीजात जमीन डोळ्यांपुढे येते. मराठी मुसलमानाला हे दोन्ही अर्थ एकदम कळतात. वतन म्हणजे जिथे आपला हक्कही आहे आणि देणंही आहे. निघण्याआधीच्या ईदला या देण्याशी फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल.

चौल, जुन्नर, दाभोळ

आपल्या किनाऱ्यावर ही गोष्ट उलट्या दिशेने सुरू झाली. आधी परके लोक इथे आले आणि त्यांनी आपले सण इथे केले. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, चौलला आला होता. अरबी ग्रंथांत या बंदराचं नाव ‘सैमूर’ असं येतं. राज्य राष्ट्रकूटांचं, आणि त्यांच्या वतीने इथे शिलाहार राजा झंझ कारभार पाहत होता. मसूदीच्या नोंदीनुसार तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि त्यांच्यापासून इथेच जन्मलेले. इथे जन्मलेल्यांसाठी त्याने ‘बयासिरा’ असा शब्द दिला आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच इथे एक पिढी अशी होती जिच्या बापाचं वतन बसरा होतं आणि तिचं स्वतःचं चौल. कोकणचे मुसलमान आजही शाफई आहेत आणि घाटावरचे बहुतेक हनफी, ही त्या समुद्री नात्याचीच खूण.

परक्या देशात सण हरवणं म्हणजे काय, हे मात्र एका ख्रिस्ती प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४६९ च्या सुमारास तो होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून दटावलं. एका खुरासानी मुसलमानाने रदबदली केली, तेव्हा तो त्यातून सुटला आणि घोडाही परत मिळाला. पुढे तो बहमनी राजधानी बिदरला राहिला.

निकितिनचं मोठं दुःख घोड्याचं नव्हतं. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तकं नेली होती, आणि ईस्टरची तारीख काढायला त्याच्याकडे काही साधन उरलं नव्हतं. आपले सण कधी येतात आणि कधी जातात हेच कळेनासं झालं, याची खंत तो पुन्हापुन्हा लिहितो. भोवतालचे मुसलमान रोजे धरत तेव्हा तोही त्यांच्याबरोबर उपवास धरू लागला. अखेर तो दाभोळला आला, जहाजात बसला आणि मायदेशी निघाला. त्वेरला मात्र पोचला नाही, वाटेतच वारला. ज्या दाभोळहून तो निघाला, त्याच दाभोळहून दख्खनचे हाजीही मक्केला निघत.

चंद्र आणि वारा

शिडाच्या जहाजांच्या काळात एक अडचण होती, ती आज सहसा ध्यानात येत नाही. ईद चंद्रावर चालते आणि जहाज वाऱ्यावर. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. वारा मात्र जागचा हलत नाही. जून ते ऑगस्ट दर्या बंद. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की होड्या पुन्हा पाण्यात. पुढे ईशान्येचे वारे स्थिरावले की अरबस्तान आणि आफ्रिकेकडे निघायचं, आणि नैऋत्येचा जोर वाढायच्या आत परतायचं.

म्हणून निघणाऱ्याला ईद घरी मिळेल की नाही, हे तो कुठल्या सालात निघाला यावर ठरायचं. ईद पावसाळ्यात आली तर दर्या बंद असल्याने सगळे घरी, सण भरून पावायचा. हिवाळ्यात आली तर जहाज निघून गेलेलं, घरात बायका, मुलं आणि म्हातारे. एकाच माणसाच्या आयुष्यात दहा-बारा वर्षं भरल्या घरातल्या ईदची यायची, तेवढीच रिकाम्या घरातल्या ईदची.

आगबोटी आल्यावर लांबच्या प्रवासातला वाऱ्याचा अडसर गेला, पण मुंबई आणि कोकणातली किनाऱ्याची बोट पावसाळ्यात बंदच असायची. मुंबईच्या चाकरमान्याला, तो हिंदू असो की मुसलमान, पावसाळ्यातला सण गाठणं कठीणच होतं. जी बोट चालू असे तिच्यातली धडपडही जिवावर बेतायची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आषाढी अमावास्येचे दिवस होते, आणि रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता.

हजच्या वाटेने शिकवलेला निरोप

आपल्याकडे परदेशी निघण्याची रीत मुळात हजच्या प्रवासातून आली, असं मला वाटतं. कारण शतकानुशतकं सामान्य मुसलमान माणूस समुद्र ओलांडायचा तो प्रामुख्याने हजसाठी, आणि परत येण्याची खात्री नसायची. हजला निघताना काय करावं हे स्पष्ट सांगितलेलं आहे. कर्ज फेडावं. कुणाची अमानत असेल तर परत करावी. वसीयत लिहावी. मागे राहणाऱ्यांच्या खर्चाची सोय करावी. ज्यांना दुखावलं असेल त्यांची माफी मागावी. ‘कहा-सुना माफ करा’ हे शब्द त्यातूनच आलेले.

ही वाट कधीच पूर्ण मोकळी नव्हती. सोळाव्या शतकात अरबी समुद्रातून जायला पोर्तुगिजांचा परवाना लागायचा, त्याला ‘कार्ताझ’ म्हणत. त्यावर हजरत ईसा आणि बीबी मरियम यांच्या प्रतिमा असत. असा कागद घेऊन हजला जाणं योग्य की नाही, यावर अकबराच्या दरबारातल्या उलेमांत वाद झाला होता. विमानतळावर कागद दाखवताना आपला जीव वरखाली होतो, त्याची सुरुवात इतकी जुनी आहे.

पुढे मुंबई हे हाजींचं मोठं बंदर झालं. १८७७ मध्ये सुरू झालेली आगबोट कंपनी पुढे मुघल लाइन म्हणून ओळखली गेली. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात देशभरचे हाजी उतरायचे. जहाजाने हजला जाणं १९९५ मध्ये बंद झालं, म्हणजे ही आठवण आजही अनेकांची स्वतःची आहे.

नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याने हाजीचा हाच निरोप उचलला. ईदला तो आपोआप जुळून येतो. नमाजेआधी फित्रा द्यायचा, नमाजेनंतर गळाभेट, मग कब्रस्तानात जाऊन फातेहा. वर्षभर न बोललेले चुलतभाऊ त्या दिवशी दारात उभे राहतात. जो निघणार आहे त्याला एकाच दिवसात सगळ्या गावाची भेट होते आणि जुनं भांडण मिटवायला निमित्त शोधावं लागत नाही. दख्खनमध्ये आणि उत्तरेत निघताना दंडाला ‘इमाम जामिन’ बांधतात. कापडात गुंडाळलेलं नाणं, सुखरूप पोचल्यावर गरजूला द्यायचं. त्यातही मूळ कल्पना तीच, प्रवास देण्याने सुरू व्हावा आणि देण्याने पुरा व्हावा.

आगबोट, सारंग आणि परवाना

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीच्या खाड्यांवरचे मुसलमान मोठ्या संख्येने आगबोटींवर खलाशी म्हणून चढले. पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवर कोकणी मुसलमान आणि स्वयंपाकघरात, सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी असे. भरती सारंगाच्या हातात होती. सारंग आपल्याच गावची, नात्यातली माणसं न्यायचा. करारावर अंगठा दिला की उचल मिळायची, तिच्यातून घरचं जुनं देणं फिटायचं किंवा दलालाचं नवं देणं भागायचं. मग सावकाश महिने, कधी वर्ष, पाण्यावर.

बोट लागेपर्यंत मुंबईत थांबायचं ते गावकीच्या खोलीत. गोवेकरांच्या खोल्यांना ‘कूड’ म्हणतात, धोबी तलावाच्या बाजूला त्या अनेक होत्या. एकेका गावाची एकेक कूड, आत वेदी, संध्याकाळी रोजारची प्रार्थना, आणि गावच्या संताचं फेस्तही तिथेच. कोकणी मुसलमानांच्या गावकीच्या खोल्यांत जमातीचा हिशेब आणि एकत्र स्वयंपाक चाले. नाताळ चुकलेला गोवेकर आणि ईद चुकलेला रत्नागिरीकर एकाच बोटीवर काम करत होते. एकमेकांचं दुःख त्यांना समजावून सांगावं लागलं नसेल.

यातले सगळे परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय खलाशी मारले गेले. मुंबईत मस्जिद बंदरच्या बाजूला खलाशांच्या वसतिगृहात, समुद्राशिवाय ज्यांना कबर मिळाली नाही अशांचं स्मारक आहे. दरवर्षी ईदला ज्या घरातून कब्रस्तानात जायचं, त्या घराला या माणसासाठी जायला कबरच नव्हती. फातेहा घरातच व्हायचा.

याच काळात रत्नागिरीची माणसं केप टाउनलाही पोचली. तिथली ‘कोकनी’ वस्ती आजही त्याच नावाने ओळखली जाते. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आणि कल्याणला राहिलेले सूफी साहेब, शाह गुलाम मुहम्मद, १८९५ मध्ये डर्बनला गेले. तिथल्या आणि केप टाउनच्या मशिदी, मदरसे आणि उर्स यांच्यामागे त्यांचं मोठं काम आहे. नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यांतल्या मजुरांना सणाची सुटी मिळायची ती मुख्यतः मोहरमची, आणि तो मोहरम हिंदू-मुसलमान मिळून करत. परक्या मुलखात सण धरून ठेवल्याशिवाय माणसं एकत्र राहत नाहीत, हे सूफी साहेबांनी ओळखलं असावं. त्यांच्या खानकाहीतले उर्स आणि लंगर म्हणजे घर सोडलेल्यांची हक्काची जमण्याची जागा होती.

पण केपचा कायदा कडक होत गेला. १९०२ च्या कायद्याने युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट घातली. १९०६ नंतर केपमध्ये राहणाऱ्या भारतीयाला गावी येऊन पुन्हा परत जायचं असेल तर आधी परवाना काढावा लागे. त्यावर त्याचा फोटो, हाताचे ठसे आणि मुदत. मुदत चुकली तर केपमधला हक्क संपला, मग तिथे दुकान असो की वीस वर्षांचा संसार. अनेकांच्या बायका रत्नागिरीच्या खेड्यांत आणि नवरे केप टाउनमध्ये, असे दोन तुकड्यांतले संसार दशकानुदशकं चालले. अशा माणसाला गावी आल्यावर ईद आणखी एक महिन्यावर असली तर काय करायचं, हा प्रश्न श्रद्धेचा नव्हता, पोटाचा होता. कागदावरची तारीख आणि चंद्राची तारीख यांत त्याला एक निवडावी लागे.

आखात

आखाताशी कोकणचं नातं तेलाच्या आधीचं आहे. तेल आल्यावर ते नोकरीचं झालं. बहारीनला १९३२ मध्ये तेल लागलं, कुवेतहून पहिली निर्यात १९४६ मध्ये झाली. मुंबईहून बसऱ्याला जाणाऱ्या बोटी बंदर-बंदर करत माणसं उतरवायच्या. तिकडे चलनही आपलंच होतं. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायला रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, हजसाठीही वेगळ्या नोटा होत्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर इतर काहींनीही रुपया सोडला. घरी आलेल्या ईदीचा रुपया आणि आखातात कमावलेला रुपया एकच होता, असा तो काळ.

त्या बोटींतली ‘दारा’ ८ एप्रिल १९६१ ला, मुंबई-बसरा फेरीवर असताना, दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि पुढे बुडाली. २३८ माणसं गेली. त्या वर्षीची रमजान ईद होऊन तीनच आठवडे झाले होते.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि खेड, चिपळूण, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा भागांतून तरुणांची रांग लागली. आता तारीख ठरवणारा होता कफील. पासपोर्ट बऱ्याचदा त्याच्याकडे, सुटी वर्षा-दोन वर्षांनी एकदा. ही सुटी अनेकदा उन्हाळ्यात, शाळांच्या सुटीला धरून. मग गावानेच आपलं वेळापत्रक बदललं. लग्नं, साखरपुडे, घरभरणी, मुलांच्या सुंता, सगळं मे महिन्यात. १९८७ ते १९८९ या वर्षांत रमजान ईद मेमध्ये आली, पुन्हा २०२० ते २०२२ मध्ये. अशा वर्षी सुटी आणि सण जुळतात, आणि गावच्या ईदगाहवर जागा पुरत नाही. २०२० ला मात्र टाळेबंदी आडवी आली. त्या वर्षी आपल्याकडे ईद २५ मेला झाली, आणि ईदगाहवर कुणीच नव्हतं.

सुटी जुळली तरी नशीब जुळेल असं नाही. १९९० ची बकरी ईद जुलैच्या सुरुवातीला होती. उन्हाळ्यामुळे कुवेतमधले अनेक जण तेव्हा गावी होते. २ ऑगस्टला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. जे गावी होते त्यांची नोकरी, बँकेतली शिल्लक, खोलीतलं सामान सगळं तिकडे अडकलं. जे तिकडे होते ते वाळवंटातून अम्मानला पोचले. तिथून एअर इंडियाने एक लाखाहून अधिक माणसं परत आणली. त्या वर्षी ज्याने ‘ईद करूनच जातो’ म्हटलं आणि ज्याने ‘आत्ता नको, पुढच्या वर्षी येतो’ म्हटलं, त्या दोघांनाही आपल्या निर्णयाचा अर्थ महिन्याभराने कळला.

मागे राहणाऱ्यांची ईद

हा इतिहास आपण नेहमी जाणाऱ्याच्या बाजूने सांगतो. मागे राहिलेल्या बाईचा त्यात एक ओळीचा उल्लेख असतो. खरं तर तिच्याशिवाय यातलं काहीच चाललं नसतं. मनीऑर्डर तिने घेतली, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे ती गेली, मुलांच्या शाळेत ती गेली, सासऱ्यांच्या दुखण्यात ती जागली. ईदच्या दिवशी शीरखुर्मा तिने केला, सांदण तिने वाफवलं, आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या “काय म्हणतो तिकडे?” या प्रश्नाला उत्तरही तिनेच दिलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टेपवर बोलून पाठवलेल्या ध्वनिफिती आखातातून येत. त्या साऱ्या घरासमोर वाजत. तिला एकटीला सांगायचं काही त्यात सांगता येत नसे.

निघण्याआधीची ईद तिच्यासाठी वेगळ्या अर्थाने महत्त्वाची असते. जाणारा समोर असतो तेव्हाच ठरवता येतं की पैसे कुणाच्या नावावर येणार, घराचा निर्णय कोण घेणार, मुलगी किती शिकणार. हे बोलणं ईदच्या गडबडीत राहून गेलं तर पुढची दोन वर्षं दीर आणि सासू ठरवतात. आपल्या पूर्वजांनी हजला निघताना मागच्यांच्या खर्चाची सोय आणि वसीयत ही निरोपाचा भाग मानली होती. नोकरीला निघणाऱ्याने गळाभेट तेवढी उचलली आणि हा भाग सोडून दिला. आखाताच्या पैशावर उभ्या राहिलेल्या बंगल्यांवरून भावाभावांत, दीर-भावजयांत चाललेले दावे पाहिले की हे सोडून देणं किती महाग पडलं ते कळतं.

आज

आता चेहरे बदलले आहेत. डेकवरचा खलाशी, मिस्त्री, ड्रायव्हर यांच्याबरोबर नर्स, इंजिनिअर, संशोधक मुली निघतात. व्हिडिओ कॉलवर ईदगाह दिसतो. पण तारखेचा मालक अजूनही दुसराच आहे. विद्यापीठाचं सत्र, कंपनीची रुजू व्हायची तारीख, व्हिसाची मुदत. चंद्र पूर्वीसारखाच सरकतो आहे. येत्या काही वर्षांत रमजान ईद हिवाळ्यात शिरेल. २०३३ मध्ये तर ती एकाच वर्षात दोनदा येईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीस. युरोप-अमेरिकेत शिकणाऱ्यांना तेव्हा नाताळच्या सुटीत घरी येऊन ईद करता येईल. आखातातल्यांची उन्हाळी सुटी मात्र तोवर रमजान ईदपासून लांब गेलेली असेल.

म्हणून ज्यांच्या घरातून यंदा कुणी निघणार आहे त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. ईद घरी मिळत असेल तर ती खरेदीत आणि बॅगेच्या वजनात घालवू नका. सोडे, आमसुलं, कुळथाचं पीठ आदल्या आठवड्यात भरून ठेवा. ईदच्या दिवशी जाणाऱ्याला मोहल्ल्यात पायी फिरवा. ज्या काकांशी बोलणं बंद आहे त्यांच्या दारात आधी न्या. कब्रस्तानात कुणाची कबर कुठे आहे ते दाखवा, कारण पुढच्या वेळी दाखवणारा असेलच असं नाही. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर घरातल्या बायकांसह बसा आणि देण्याघेण्याचा हिशेब लिहून काढा. ईद मिळत नसेल, तारीख आधीच आली असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी शीरखुर्मा करून हे सगळं करा. पुष्कळ घरांत असं करतात आणि त्यात काही गैर नाही. चंद्राची ईद त्याला तिकडे मिळेल, कुणीतरी अन्सार त्याला आपल्या पंगतीत बसवेल. पण ही माफी, हा हिशेब आणि या कबरींची ओळख त्याला तिकडे मिळणार नाही. ती इथूनच बरोबर द्यावी लागते.